एका घरचं विरजण, चार घरचे कर्णे

आज मी तुम्हांला एका जळलेल्या मशीनची गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. पण आमच्या पुस्तकांत राजे होते, लढाया होत्या, तह होते. आवाज एका घरातून दुसऱ्या घरात कसा गेला, हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मला मशीन जळाल्यावर वाचावं लागलं.

झालं असं. आमचं गाव डोंगराच्या उतारावर आहे. माझं घर वरच्या आळीला, म्हणून माझ्याकडे आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र स्वच्छ लागतं. ओढ्यापलीकडच्या खालच्या वस्तीत मात्र नुसती खरखर. कारण साधं आहे. आपल्या अशा केंद्रांना सरकारने शंभर वॅटच्या आसपासच ताकद दिलेली असते. दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत आवाज जातो, आणि मध्ये डोंगराचा खांदा आला की त्याच्या सावलीत पोचत नाही. आता कुणी म्हणेल, फोनवर ऐका. तर फोन दुपारी कुणाच्या खिशात असतो ते तुम्हांला मी सांगायला नको.

मागच्या महिला दिनाला केंद्रावर आमच्याच गावातल्या बायकांच्या मुलाखती लागणार होत्या. सगळ्यांनी एकत्र ऐकायचं ठरलं. माझा रेडिओ, ग्रामसंघाच्या पैशातून घेतलेलं ॲम्प्लिफायर मशीन, आणि इकडून तिकडून गोळा केलेले चार स्पीकर. माझ्या भाच्याने चारही स्पीकरच्या वायरी पिळून मशीनच्या मागच्या त्याच दोन स्क्रूंना बांधल्या. वीस मिनिटं छान चाललं. मग रबर जळाल्यासारखा वास आला आणि सगळं गप्प झालं. नेमकी तेव्हा खालच्या वस्तीतल्या मावशींची मुलाखत सुरू होणार होती. त्या मुद्दाम नवीन लुगडं नेसून स्वतःचा आवाज ऐकायला आल्या होत्या. रेडिओला पुन्हा त्याचा स्पीकर लावून त्यांना जवळ बसवेपर्यंत मुलाखत संपली होती. मावशी काही बोलल्या नाहीत. चप्पल पायात घालून ओढा उतरून गेल्या.

मशीन घेऊन मी तालुक्याच्या दुकानात गेले. तिथे आयटीआय केलेली एक मुलगी दुरुस्तीला बसते. तिने झाकण उघडलं, काळी पडलेली जागा दाखवली आणि म्हणाली, "ताई, आवाज वाटायचा तो मशीनच्या आधी. मशीनच्या नंतर वाटत बसलं की मशीन मरतं."

मला कळेना. मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. शेजारीण आली, म्हणाली, वाटीभर विरजण द्या. आपण चमचाभर देतो. ती आपल्या घरचं दूध तापवते, कोमट करते, त्यात ते विरजण घालते आणि सकाळी तिच्याकडे भांडंभर दही. आपलं दही काही कमी झालं नाही. अशा दहा शेजारणींना दिलं तरी चालतं. पण त्याच शेजारणी विरजण न मागता आपल्याच भांड्यातलं दही मागायला लागल्या, तर चौथ्या वाटीला भांडं खरवडावं लागेल. रेडिओतून कानातल्या इयरफोनसाठी जे भोक असतं, त्यातून निघतं ते विरजण. ॲम्प्लिफायर मशीन म्हणजे दुधाचं भांडं. त्याचं दूध म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज. मशीन रेडिओकडून फक्त चव घेतं, ताकद स्वतःची लावतं.

आकड्यात सांगायचं तर साधारण मशीन आत येणाऱ्या आवाजाला दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त अडथळा दाखवतं, म्हणजे रेडिओकडून अगदी नखभर करंट ओढतं. चार मशीन एकत्र जोडली तरी अडथळा अडीच हजारावर उरतो, रेडिओला तो जाणवतही नाही. स्पीकरचं उलट असतं. तो असतो आठ ओहमचा. दोन जोडले की चार, चार जोडले की दोन. आमच्या मशीनकडे एका स्पीकरच्या चौपट करंट मागितला जात होता. बिचारं वीस मिनिटं टिकलं हेच खूप.

या एका वाक्यापाशी, आवाज मशीनच्या आधी वाटायचा या वाक्यापाशी, माणसांना पोचायला किती वर्षं लागली ते बघा.

सन १८८१ मध्ये पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची बोलायची यंत्रं ओळीने बसवली आणि तारा प्रदर्शनाच्या हॉलपर्यंत नेल्या. लोक रांगा लावून दोन्ही कानांना दोन भोंगळ्या लावायचे आणि लांबच्या थिएटरातलं गाणं ऐकायचे. पुढे १८९३ मध्ये बुडापेस्ट शहरात तिवादार पुश्काश याने टेलिफोनच्या तारेवरून घरोघर बातम्या आणि संगीत पोचवायला सुरुवात केली. रेडिओचा अजून पत्ता नव्हता, तरी वर्गणी भरलेल्या घरांत ठरल्या वेळी बातम्या ऐकू यायच्या. पण हा सगळा कानापुरता कारभार. आवाज मोठा करायची युक्ती कुणाकडे नव्हती. विरजण होतं, दूधच नव्हतं! जितके कान वाढतील तितका आवाज बारीक.

दूध आलं ते काचेच्या नळीतून, जिला आपल्याकडे जुनी माणसं व्हॉल्व्ह म्हणतात. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने १९०६ मध्ये अशी नळी केली. तिने बारीक आवाज मोठा करता येतो हे नीट उमगायला आणखी पाचसहा वर्षं गेली. कॅलिफोर्नियातल्या पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी मोठ्याने बोलणारा कर्णा बनवला, त्याला मॅग्नाव्हॉक्स नाव दिलं. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ मोठा आवाज. सप्टेंबर १९१९ मध्ये सॅन दिएगो शहरात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी काचेच्या खोलीत उभं राहून त्यांच्या यंत्रातून हजारोंच्या सभेला भाषण केलं. त्याआधी मोठ्या सभेत मागच्यांना काय ऐकू येत असेल? पुढच्यांनी मागे सांगायचं, त्यांनी आणखी मागे. आमच्या ग्रामसभेत आजही तसंच चालतं, आणि बायका मागे बसतात म्हणून त्यांच्यापर्यंत ठराव पोचतो तो उलटासुलटा होऊन.

पण माझं मन रमलं ते सभांत नाही, घरांत. कारण पुढची गोष्ट घरातून सुरू झाली.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रेडिओ केंद्रं निघाली. घरचा रेडिओ संच मात्र महाग. त्याला बॅटऱ्या लागायच्या, त्या भरून आणायला दुकानात न्याव्या लागायच्या, उंच एरियल लागायची, आणि केंद्र लावायला हातात कसब लागायचं. नेदरलँड्समध्ये कोख आन दे झान या गावात १९२४ मध्ये बाऊलिंग नावाच्या गृहस्थाने एका चांगल्या संचावर रेडिओ पकडून तो तारेने शेजारच्या घरांना द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनजवळच्या हाइथ गावी मॅटन या विजेच्या सामानाच्या दुकानदाराने जानेवारी १९२५ मध्ये तेच केलं. त्याच्याकडे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर. शेजाऱ्याकडे भिंतीवर एक स्पीकर, आणि मध्ये तार. शेजाऱ्याने आठवड्याला वर्गणी द्यायची. बॅटरी नको, एरियल नको, कसब नको. दहा वर्षांत इंग्लंडमध्ये अशा तारेवरच्या घरांची संख्या दोन लाखांवर गेली. त्यात कामगारांची घरं पुष्कळ होती, ज्यांना एकरकमी संच परवडला नसता. मला ही गोष्ट वाचताना आपली भिशी आठवली. थोडं थोडं देऊन मोठी वस्तू वापरायची.

घरं वाढली तशी अडचण आली, तीच आमच्या मशीनची. एका ॲम्प्लिफायरला किती स्पीकर जोडणार? यावर लोकांनी दोन तोडगे काढले, दोन्ही आजतागायत चालतात. एक तोडगा आपल्या विजेच्या डीपीसारखा. तारेत दाब जास्त ठेवायचा, करंट कमी, आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून तिथे दाब उतरवायचा. देवळाच्या कर्ण्यांना, रेल्वे स्टेशनला हीच पद्धत असते, मंडपवाले तिला शंभर व्होल्टची लाइन म्हणतात. म्हणून देवळाचे चार कर्णे एका मशीनवर वर्षानुवर्षं चालतात आणि आमचे चार डबे चालले नाहीत. दुसरा तोडगा त्या दुरुस्तीवाल्या मुलीचा. प्रत्येक भागात वेगळं मशीन ठेवायचं आणि एका ठिकाणाहून सगळ्या मशीनना फक्त बारीक आवाज पाठवायचा.

हा दुसरा तोडगा सगळ्यात मोठ्या प्रमाणावर वापरला सोव्हिएत रशियाने. मॉस्कोहून तारेने आवाज निघायचा. प्रत्येक शहरात, मोठ्या शेतीवाडीत एक केंद्र असायचं, तिथलं ॲम्प्लिफायर तो मोठा करून घराघरातल्या भिंतीवरच्या स्पीकरला द्यायचं. हा स्पीकर काळ्या कागदाचा, गोल. लोक त्याला थाळीच म्हणायचे. त्यावर केंद्र बदलायचं बटण नव्हतं. जे येईल ते ऐका, नाहीतर बंद ठेवा.

लेनिनग्राड शहराला जर्मन फौजांनी सप्टेंबर १९४१ मध्ये वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत चालला. उपासमारीने लाखो माणसं मेली. युद्ध सुरू होताच सरकारने लोकांचे घरचे रेडिओ संच जमा करून घेतले होते, उरल्या होत्या त्या काळ्या थाळ्या. कार्यक्रम नसेल तेव्हा त्यांतून मेट्रोनोमचा टकटक आवाज सोडायचे, गायकांना लय दाखवणारं ते यंत्र असतं ना, त्याचा. टकटक हळू असली तर धोका नाही. भरभर झाली तर विमानं आली, तळघरात पळा. अंधारात, भुकेने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती टकटक ऐकली की कळायचं, शहर अजून जिवंत आहे. ओल्गा बेर्गोल्ट्स नावाची कवयित्री त्या थाळीतून बोलायची. तिचा नवरा त्या वेढ्यातच गेला, तरी ती माइकपुढे बसत राहिली. ९ ऑगस्ट १९४२ ला शोस्ताकोविच या संगीतकाराची सातवी सिंफनी उपाशी वादकांनी वाजवली, ती शहरभरच्या कर्ण्यांवरून ऐकवली. शत्रूच्या खंदकांकडे तोंड करूनही कर्णे लावले होते.

हे वाचून माझे डोळे भरले. पण त्याच रात्री दुसरंही मनात आलं. त्या थाळीचं बटण कुणाच्या हातात होतं? नेदरलँड्समध्येही बघा. जर्मनांनी देश व्यापला, १९४३ मध्ये लोकांचे रेडिओ संच जप्त केले. तारेवरच्या घरांचे स्पीकर मात्र राहू दिले. का, तर तारेवरून तेच यायचं जे जर्मनांना चालायचं. लंडनचा आवाज ऐकायचा असेल तर लपवलेला संच हवा. इंग्लंडमध्ये युद्धाआधीच बीबीसीची तक्रार होती की तार टाकणारे दुकानदार लोकांनी काय ऐकायचं ते ठरवतील. स्पीकर ज्याच्या घरात तो फक्त ऐकतो, विरजण ज्याच्या घरात तो ठरवतो.

आता आपल्या देशात येऊ. मुंबईला २३ जुलै १९२७ ला रेडिओ केंद्र सुरू झालं, पण रेडिओ होता तो मोजक्या घरांत. आवाज मोठ्या जमावापर्यंत पोचवला तो कर्ण्यांनी. जुन्या फोटोंत पुढाऱ्यांच्या माइकवर "शिकागो रेडिओ" अशी अक्षरं दिसतात. कंपनी नावाने अमेरिकन वाटते, पण ती मोटवाने या सिंधी कुटुंबाची, अगदी आपली. स्वातंत्र्य चळवळीच्या सभांना त्यांचे कर्णे असायचे. याच घरातल्या नानक मोटवाने यांनी १९४२ मध्ये आणखी एक मदत केली, गुपचूप. गांधीजी आणि सगळे पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, तेव्हा मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या मुलीने आणि तिच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. पहिलं प्रक्षेपण २७ ऑगस्ट १९४२. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत राहायचं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी दार फोडलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या आपल्या पुण्याच्या येरवड्याला होत्या. मोटवाने यांनाही अटक झाली होती, ते सुटले. तीनच महिने, पण विरजण त्या तीन महिन्यांत सरकारच्या घरी नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर गावोगाव सरकारी रेडिओ आले. माझ्या सासूबाई सांगतात, आमच्या गावचा रेडिओ चावडीत होता, लाकडी पेटीत, कुलूप लावून. संध्याकाळी तलाठ्याचा माणूस कुलूप काढायचा, कर्णा बाहेर वडाच्या बाजूला तोंड करून. बाप्ये पारावर बसून ऐकायचे. बायका पाण्याला जाता-येता जेवढं कानावर पडेल तेवढं. "भाव ऐकू यायचा तर गुळाचा की कांद्याचा ते कळायचं नाही," असं त्या म्हणतात. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी घरात रेडिओ आला, तेव्हा दुपारी वनिता मंडळ ऐकताना त्या दार लावून घ्यायच्या.

याच काळात आपल्या पुण्यात एक मोठा प्रयोग झाला आणि तो मी तुम्हांला जरा सविस्तर सांगते, कारण तो आपल्या गटांच्या फार जवळचा आहे. आकाशवाणी पुणे केंद्र १९५३ चं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने पुण्याच्या आसपासच्या मराठी जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात वीसएक जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर मंडळाने चर्चा करायची. प्रश्न पडले तर लिहून केंद्राला पाठवायचे आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात उत्तर द्यायचं. म्हणजे तार उलटीही वाहिली, मॅटनच्या गावात आणि काळ्या थाळीत जे नव्हतं ते इथे होतं.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. त्यांनी हुशारी अशी केली की मंडळ असलेली गावं, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं, अशी तिन्ही तपासली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक थोडाच. पेटी गावात आणून ठेवली म्हणून काही होत नाही, बसून बोलावं लागतं. १९५९ पासून हाच प्रयोग देशभर नेला, घोषवाक्य होतं ऐका, चर्चा करा, कृती करा. आपली गटाची बैठक आठवड्याला का घ्यायची असं कुणी नवीन सभासद विचारते, तेव्हा मी आता पंचसूत्री सांगत बसत नाही. पुण्याचा हा किस्सा सांगते.

पुढे १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले मराठी. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. तोवर तेलंगणात, तेव्हाच्या आंध्रात, मेदक जिल्ह्यातल्या दलित बायकांनी वाट बघितली नाही. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमच्या या शेतकरी बाया. त्यांनी बियाणं, पीक, औषधी झाडपाला, गाणी असं सगळं कॅसेटवर भरलं, आणि त्या कॅसेटी गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेपवर लावल्या. लायसन नाही तर नाही, मनोरा नाही तर नाही. कॅसेट हेच विरजण, आणि प्रत्येक गावातला टेप हे त्या गावचं भांडं. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा संघम रेडिओ हवेत गेला, तेव्हा त्यांच्याकडे दहा वर्षांच्या कॅसेटींचा साठा तयार होता.

तर आता आमचं काय झालं ते सांगते.

बैठकीत मी म्हटलं, एक मोठं मशीन घेण्यापेक्षा तीन लहान मशीन घेऊ. लहान मशीन म्हणजे घरात वापरायचं, एक-दोन स्पीकरचं. एक माझ्या ओसरीला, एक जाऊबाईंच्या पडवीत, एक अंगणवाडीत. तिन्ही एका ओळीत, पंधरा-वीस मीटरच्या आत. रेडिओच्या इयरफोनच्या भोकातून तीन फाट्यांची पिन लावायची आणि प्रत्येक मशीनच्या मागे जिथे "इन" लिहिलेलं असतं तिथे जोडायची. वायर जाळीचं आवरण असलेली घ्यायची, साधी बल्बची नको, नाहीतर आजूबाजूच्या विजेची घुमघुम तीत शिरते. रेडिओचा आवाज निम्म्यावर ठेवून बाकीचा प्रत्येकीने आपापल्या मशीनवर कमीजास्त करायचा. जाऊबाईंच्या घरी म्हातारे सासरे झोपलेले असतात, त्यांनी बारीक ठेवावा. अंगणवाडीत मोठा. कुणाचं कुणावाचून अडत नाही, आणि एकीचं मशीन बंद पडलं तरी दुसऱ्या दोघींचं चालू राहतं.

एक गोष्ट उलटी करू नका. एका रेडिओतून तीन मशीनला दिलं तर चालतं, पण रेडिओ आणि मोबाइल दोन्ही एकाच पिनेने एका मशीनला जोडू नका. दोघांची बाहेर यायची तोंडं एकमेकांवर ढकलतात, आवाज बिघडतो आणि वस्तूही बिघडू शकते.

आम्हांला घुमघुम आलीच. माझं घर एका मीटरवर, अंगणवाडी दुसऱ्या. दोन्हीकडचं अर्थिंग वायरीतून जोडलं गेलं की असा गुणगुणाट येतो. भाचा म्हणाला, तीन पायांच्या प्लगचा वरचा जाड पाय काढून टाकू, आवाज जातो. जातो खरा. पण तो पाय शॉक लागू नये म्हणून असतो, तो काढायचा नाही म्हणजे नाही. दुरुस्तीवाल्या मुलीने वायरीच्या मध्ये लावायची काडेपेटीएवढी डबी दिली, तिच्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. घुमघुम गेली. वायर महावितरणच्या खांबाला बांधायची नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर कर्णा लावायचा नाही, हा २००० सालच्या ध्वनी नियमांतला कायदा आहे, हे तुम्हांला माहीत असेलच.

हे सगळं झालं वरच्या आळीचं. खालच्या वस्तीचं काय? ओढ्यापलीकडे अर्धा किलोमीटर वायर नेणं परवडणारं नव्हतं आणि टिकणारंही नव्हतं. बैठकीत एकजण म्हणाली, "त्यांनी इकडे यावं की ऐकायला, कुणी नको म्हटलंय?" त्यावर जरा वेळ कुणीच बोललं नाही. त्या येतात त्या कडेला बसतात, चहा शेवटी घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि महिला दिनाला आल्या तेव्हा काय झालं तेही.

मी संघमच्या कॅसेटींची गोष्ट सांगितली. मग ठरलं. ग्रामसंघाच्या पैशातून चौथं मशीन घ्यायचं, ते खालच्या वस्तीतच राहणार, त्यांच्या गटाच्या नावावर. कार्यक्रम मी मेमरी कार्डावर भरून दुसऱ्या दिवशी देणार. दोघींनी नाराजी दाखवली, एकीने सही करायला वेळ लावला, पण ठराव झाला. पहिल्या कार्डावर मी मावशींची ती मुलाखत भरली होती. केंद्राकडून मागून घेतली होती.

दोन महिने नीट चाललं. मग एक दिवस मावशी कार्ड परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, हे सगळं तुम्हीच निवडता. आम्हांला ऊसतोडीच्या उचलीचा हिशोब पाहिजे, ते कधी लावणार?" मी म्हटलं, केंद्र जे लावतं तेच मी भरते. त्या म्हणाल्या, "मग केंद्राला कळवा."

कार्डाबरोबर त्यांनी पोरीच्या वहीचं एक पान आणलं होतं. त्यावर वस्तीतल्या बायकांचे सहा प्रश्न लिहिलेले होते. उचल किती, तिच्यावर मुकादम काय कापतो, नवरा-बायकोच्या कोयत्याचे पैसे एकाच नावावर का, असे. मी ते केंद्रावर नेऊन दिले. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या चार प्रश्नांवर कार्यक्रम झाला. तो मी माझ्या घरी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन खाली गेले आणि त्यांच्या मशीनवर ऐकला. मावशींनी आवाज इतका मोठा ठेवला होता की ओढ्याच्या अलीकडे जाऊबाईंना तो ऐकू गेला. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी आम्ही पुन्हा पत्र लिहिलंय.